पेंटियम ३ वर विंडोज ९८ एसई: काही गेम पळतात, काही उघडतच नाहीत

खारेगाव_९८

नमस्कार मंडळी. जुने गेम मूळ यंत्रावरच चालवायचे आहेत, त्यामुळे डॉसबॉक्स (नव्या पीसीवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) सुचवू नका. तो दुसऱ्या पीसीवर आहेच. जुळणी अशी आहे:

इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर आयएसएचे (जुन्या पद्धतीच्या कार्डांचे) दोन स्लॉट रिकामे. पेंटियम ३, ८०० मेगाहर्ट्झ, १०० मेगाहर्ट्झची बस. रॅमच्या २५६ एमबीच्या तीन पट्ट्या, म्हणजे ७६८ एमबी. जीफोर्स ६२०० ग्राफिक्स कार्ड, एजीपी स्लॉटचं. साउंड ब्लास्टर लाइव्ह साउंड कार्ड, पीसीआय (आयएसएनंतरच्या) स्लॉटचं. ६० जीबीची आयडीई डिस्क, सगळी एकाच फॅट३२ पार्टिशनमध्ये. १७ इंची एलसीडी, १२८० बाय १०२४. विंडोज ९८ सेकंड एडिशन कोरं टाकलेलं.

अडचणी:

१) विंडोजमधून डॉस प्रॉम्प्ट उघडला की मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो.
२) जॅझ जॅकरॅबिट (१९९४) सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बाहेर पडतो.
३) विंग कमांडर (१९९०) चालतो, पण लढाई इतकी वेगात की नेम धरणंच अशक्य.
४) अल्टिमा ७ ला ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी ड्रायव्हर) चालत नाही. ते काढलं की गेम सुरू होतो, पण आवाज जातो.
५) फायनल फँटसी ७ ची पीसी आवृत्ती (१९९८) ग्राफिक्स कार्डात ८-बिट पॅलेट टेक्स्चर नाही असं सांगते.
६) क्वेकमध्ये गोळीबार ऐकू येतो, संगीत नाही. सीडीची आयएसओ प्रत वापरतोय.

प्रोसेसर बदलावा, कार्ड बदलावं की सेटिंगमध्येच काही चुकतंय? ठाणे किंवा नवी मुंबईत सुटे भाग कुठे शोधावेत तेही सांगा.

---

घणसोली_बीएक्स

बोर्ड उत्तम आहे, तो हलवू नका. १ आणि ४ ची उत्तरं देतो, कारण तुमच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यांवर अवलंबून आहेत.

मेमरीचा संदेश रॅम कमी पडल्यामुळे येत नाही, जास्त झाल्यामुळे येतो. विंडोज ९८ ची डिस्क कॅश, म्हणजे व्हीकॅश, रॅमच्या प्रमाणात स्वतःची कमाल मर्यादा ठरवते आणि तेवढे पत्ते सिस्टिमच्या १ जीबीच्या सामाईक पट्ट्यात अडवून ठेवते. एजीपी अपर्चर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी राखलेले पत्ते, तेही त्याच पट्ट्यात बसतं. ५१२ एमबीच्या पुढे गेलात की नवीन डॉस खिडकीसाठी पत्तेच उरत नाहीत. रॅम मोकळी असूनही संदेश येतो तो त्यामुळे.

सिस्टिम डॉट आयएनआय ही फाइल उघडा. ‘व्हीकॅश’ या विभागाखाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ अशी ओळ घाला. आकडा केबीमध्ये असतो, म्हणजे कॅश २५६ एमबीवर थांबेल. बायोसमध्ये एजीपी अपर्चर ६४ एमबी ठेवा. पुन्हा सुरू करा. (इथे देवनागरीत लिहिलंय, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे.)

आता आवाज. साउंड ब्लास्टर लाइव्ह हे पीसीआय कार्ड आहे. डॉसचा गेम थेट २२० या पोर्टवर, ठरावीक आयआरक्यूवर (प्रोसेसरला हाक मारायची वाट) आणि डीएमएवर (मेमरीतून थेट डेटा नेण्याची वाट) कार्ड शोधतो आणि पीसीआय कार्ड तिथे मुळात नसतं. लाइव्हचा डॉस ड्रायव्हर ते कार्ड असल्याचा आभास निर्माण करतो आणि त्यासाठी त्याला ईएमएम३८६ लागतंच. उलट अल्टिमा ७ चा स्वतःचा मेमरी व्यवस्थापक ‘व्हूडू’ प्रोसेसर रिअल मोडमध्ये असल्याशिवाय चालत नाही, आणि ईएमएम३८६ प्रोसेसरला व्हर्च्युअल मोडमध्ये नेतं. दोघांच्या अटी परस्परविरुद्ध आहेत. कॉन्फिग डॉट सिसमध्ये कितीही उलटापालट केली तरी या कार्डावर अल्टिमा ७ बोलणार नाही.

यावर उपाय एकच, आयएसए साउंड कार्ड. स्लॉट आहेतच. शोधताना चिपवरचा नंबर वाचा: यामाहा वायएमएफ७१८ किंवा ७१९ असेल तर त्यात खरी ओपीएल३ संगीतचिप असते, ईएसएस १८६८ किंवा १८६९ सुद्धा छान. हे दोन्ही साउंड ब्लास्टर प्रो पर्यंतच जुळतात, १६-बिट साउंड ब्लास्टर म्हणून नाही, पण त्या काळातल्या बहुतेक गेमना प्रो चालतो. एडब्ल्यूई६४ मिळालं तर त्याचा एफएम आवाज (चिपने स्वतः तयार केलेलं संगीत) खऱ्या ओपीएल३ सारखा नसतो हे लक्षात ठेवा. लाइव्ह काढू नका. विंडोजमधल्या ईएएक्स (ध्वनिपरिणाम) वापरणाऱ्या गेमसाठी ते राहू दे. दोन्ही कार्डं एकत्र नांदतात.

अल्टिमा ७ साठी कॉन्फिग डॉट सिसमध्ये मेनू करा. एका पर्यायात फक्त हायमेम (१ एमबीपुढची मेमरी उघडणारा ड्रायव्हर) आणि डॉस=हाय; दुसऱ्यात हायमेम, ईएमएम३८६ रॅम आणि डॉस=हाय,यूएमबी. पहिल्यात ड्रायव्हर वरच्या मेमरीत जात नाहीत, म्हणून ते लहान हवेत: माउससाठी क्यूटमाउस, सीडीसाठी एमएससीडीईएक्सऐवजी एसएचएसयूसीडीएक्स. एमएसडॉस डॉट सिसमध्ये बूटजीयूआय=० केलंत की यंत्र सरळ प्रॉम्प्टवर थांबेल; विंडोज हवं तेव्हा ‘विन’ टाइप करा.

---

पारसिक_हिल

व्हीकॅशबद्दल वरचं बरोबर आहे, पण मी सरळ एक पट्टी काढून ठेवीन. विंडोज ९८ च्या काळातल्या कुठल्याही गेमला २५६ एमबी पुरते, ५१२ म्हणजे चैन. आयएनआय फाइलमधल्या ओळी पुढच्या वेळी विंडोज टाकताना विसरल्या जातात, काढलेली पट्टी विसरली जात नाही. तिन्ही ठेवायच्याच असतील तर ‘३८६ईएनएच’ विभागात मॅक्सफिजपेज=२०००० हीही ओळ हवी. तो आकडा सोळाच्या पायातला आहे: ४ केबीची इतकी पानं म्हणजे बरोबर ५१२ एमबी.

जाता जाता, बीएक्सवर २५६ ची पट्टी घेताना चिपा मोजा. १६ चिपांची असेल तर पूर्ण दिसते. ८ चिपांची असेल तर १२८ दिसते, कारण हा चिपसेट तेवढ्या घनतेच्या चिपा ओळखत नाही.

आता २ आणि ३. दोन्ही वेगाचे प्रश्न, पण कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

रनटाइम एरर २०० हा बोरलँड पास्कल या प्रोग्रामिंग भाषेच्या सीआरटी युनिटमधला (तयार कोडच्या भागातला) दोष आहे. त्या युनिटला ‘डिले’साठी यंत्राचा वेग मोजावा लागतो. घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे ५५ मिलिसेकंदात, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजतं आणि त्या संख्येला ५५ ने भागतं. उत्तर १६ बिटांत मावलं पाहिजे. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे ते मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक देतो. संदेशात शून्याने भागल्याचं दिसतं, प्रत्यक्षात उत्तर मोठं झालेलं असतं. हे सगळं गेमच्या पहिल्या ओळीच्याही आधी घडतं, म्हणून गेममधल्या कुठल्याही सेटिंगचा उपयोग नाही.

त्यावर टीपीपॅच नावाची छोटी डॉस उपयुक्तता आहे, ती ईएक्सई फाइलमधला तेवढाच तुकडा दुरुस्त करते. आधी फाइलची प्रत काढा, मग पॅच चालवा. ओळखीचा तुकडा सापडला नाही असं तिने सांगितलं तर फाइल पीकेलाइटसारख्या साधनाने आवळलेली आहे; यूएनपीने मोकळी करा आणि पुन्हा पॅच करा. यासाठी प्रोसेसर हळू करायची गरज नाही, आणि जॅझ हळू करूही नये. तो वेगवान यंत्रावर छान चालतो.

विंग कमांडरला मात्र पॅच नको, हळू यंत्र हवं. त्यात फ्रेमवर लगाम नाही. प्रोसेसर जितका जोरात, तितकी लढाई जोरात. पेंटियम ३ चा गुणक (बसच्या वेगाला गुणणारा आकडा) कुलूपबंद असतो, त्यामुळे तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. बस १०० वरून ६६ केली तर ८०० चं ५३३ होतं, त्याने इथे काहीच साधत नाही. थ्रॉटल नावाची उपयुक्तता चिपसेटच्या मदतीने प्रोसेसरला थांबत-थांबत चालवते, पण चाल दचके खाते. तिसरी आणि खरी: प्रोसेसरची कॅश (त्याच्या आतली वेगवान मेमरी, एल१ आणि एल२) बंद करणे. सेटमुल ही उपयुक्तता घ्या, शुद्ध डॉसमध्ये ‘सेटमुल एल१डी’ द्या, गेम खेळा, बाहेर आल्यावर ‘सेटमुल एल१ई’. एल१ बंद झाली की एल२ चाही उपयोग उरत नाही, प्रत्येक सूचना थेट रॅममधून येते आणि ८०० चा पेंटियम ३ ३८६ च्या आसपास उतरतो. विंग कमांडरला तोच वेग हवा. तीन ओळींची बॅच फाइल केली की विसरायला होत नाही. विंडोज चालू असताना हे करू नका.

मधला वेग, म्हणजे ४८६ डीएक्स२-६६ सारखा, या प्रोसेसरवर नीट मिळत नाही. १९९२ ते ९४ चे वेगाला नाजूक असलेले गेम खूप खेळायचे असतील तर त्यासाठी पेंटियम एमएमएक्सचं दुसरं यंत्र बरं. त्यावर सेटमुलने कॅश, ब्रँच प्रेडिक्शन, दुसरी पाइपलाइन अशी एकेक गोष्ट वेगळी बंद करता येते आणि वेगाच्या बऱ्याच पायऱ्या मिळतात. एकाच पीसीवर १९८८ ते २००३ सगळं बसवायचा हट्ट धरला की प्रत्येक गेमशी झगडावं लागतं. तुमचं यंत्र १९९५ ते २००१ साठी जन्मलेलं आहे. त्याला त्याच काळाचं राज्य द्या.

---

खारेगाव_९८

दोघांचे मनापासून आभार. एक पट्टी काढली, डॉस प्रॉम्प्ट उघडतो. जॅझ पॅच झाला, आधी यूएनपी करावं लागलं. विंग कमांडर कॅश बंद करून अगदी हवा तसा.

वायएमएफ७१९ चं आयएसए कार्ड मिळालं. युनिसाउंड या डॉस उपयुक्ततेने सुरू केलं, सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी४ अशी ओळ ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये आहे. आता संगीत येतं, पण स्फोट आणि बोलणं येत नाही. काही गेम तिथेच अडकतात. कार्ड खराब आहे का?

---

घणसोली_बीएक्स

कार्ड चांगलं असण्याचीच शक्यता जास्त. लक्षण नेमकं आहे. एफएम संगीताला फक्त ३८८ हा पोर्ट पुरतो. ध्वनिमुद्रित आवाजाला, म्हणजे स्फोट आणि बोलणं, आयआरक्यू आणि डीएमए दोन्ही लागतात. एक येतं आणि दुसरं येत नाही तेव्हा पोर्ट बरोबर असतो, आयआरक्यू किंवा डीएमए दुसऱ्या कुणाकडे गेलेला असतो. गेम अडकतो तो न येणाऱ्या आयआरक्यूची वाट बघत.

बायोसमध्ये ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन’ या पानावर जा. वाटप ‘मॅन्युअल’ करा, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ समोर ‘लेगसी आयएसए’ निवडा. नाहीतर बायोस ५ नंबर लाइव्हला किंवा यूएसबीला देऊन मोकळा होतो. ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ हा पर्याय एकदा चालू करून सेव्ह करा, म्हणजे जुनं वाटप पुसलं जाईल. ५ काही केल्या मोकळा होत नसेल तर बायोसमध्ये प्रिंटरचा समांतर पोर्ट बंद करा, ७ मोकळा होतो. मग ब्लास्टरच्या ओळीत आय७.

लाइव्हचा डॉस ड्रायव्हर ऑटोएक्झेकमध्ये शिल्लक असेल तर तो काढा. तो २२० वरच बसतो आणि दोघांत भांडण लागतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही लाइव्हखालचं ‘एसबी१६ एम्युलेशन’ डिसेबल करा.

आणि गेमच्या सेटअपमध्ये ‘साउंड ब्लास्टर प्रो’ निवडा. ‘१६’ निवडलंत तर गेम वरच्या डीएमएला, म्हणजे ५ ला, हाक मारेल आणि यामाहाकडे तो नाही. टी४ चा अर्थ प्रो, टी६ चा अर्थ १६.

---

वाशी_ग्लाइड

५ आणि ६ माझ्याकडून.

जीफोर्स ६ पासून एनव्हिडियाने ८-बिट पॅलेटच्या टेक्स्चरचा (२५६ रंगांच्या यादीवर चालणाऱ्या चित्रांचा) आधार काढून टाकला. फायनल फँटसी ७ खोटं बोलत नाही. कार्डात ती सोय नाहीच, ड्रायव्हर कुठलाही टाका. मागे या: जीफोर्स ४ किंवा एफएक्स. या दोन्हींत पॅलेट आहे आणि टेबल फॉगही आहे, म्हणजे त्या काळच्या गेममधलं धुकं जिथे असायला हवं तिथे दिसतं. जुन्या रेडिऑन कार्डांत नेमक्या याच दोन गोष्टी अडतात, म्हणून या कामासाठी रेडिऑन घेऊ नका.

एफएक्स ५२०० सहज मिळतं, पण त्याचे दोन प्रकार आहेत. दोन्ही बाजूंच्या मिळून लांबट मेमरी चिपा मोजा: आठ असतील तर १२८-बिट, चार असतील तर ६४-बिट आणि निम्मा दम. आठवालं घ्या. बीएक्सचा एजीपी ३.३ व्होल्टचा आहे, म्हणून कार्डाच्या पट्टीवर मागच्या लोखंडी पत्र्याच्या बाजूची खाच असलीच पाहिजे. दोन्ही खाचा असतील तरी चालेल. फक्त लांबची खाच असलेलं कार्ड स्लॉटमध्ये बसणारच नाही, जोर करू नका.

ड्रायव्हर ४५.२३ टाका. नवा म्हणजे चांगला हा हिशेब इथे चालत नाही. नंतरच्या ड्रायव्हरांत जुन्या गेमची काळजी कमी होत गेली. ६२०० चा ड्रायव्हर आधी काढा, यंत्र बंद करा, मग कार्ड बदला. डायरेक्टएक्सचंही तसंच: विंडोज ९८ वर तो वर चढतो, सहजासहजी खाली येत नाही. म्हणून नवीन आवृत्ती टाकण्याआधी पार्टिशनची पूर्ण प्रत काढून ठेवा.

क्वेकचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे, गाण्यांच्या सीडीवर असतात तसे. आयएसओ फाइलमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक मावतो, ऑडिओ तिथेच गळतो. प्रत बिन आणि क्यू या जोडीत काढा. विंडोज ९८ वर डेमन टूल्स ३.४७ ती चढवतं. मूळ सीडी वापरणार असाल तर ड्राइव्हच्या मागच्या चार पिनांच्या ‘ऑडिओ आउट’पासून साउंड कार्डाच्या ‘सीडी इन’पर्यंत छोटी वायर लावा. डॉसमध्ये दुसरा रस्ता नाही. विंडोजमध्ये वायरशिवायही जमतं: कंट्रोल पॅनल, मल्टिमीडिया, ‘सीडी म्युझिक’, ‘एनेबल डिजिटल सीडी ऑडिओ’. तुमच्याकडे आता दोन साउंड कार्डं आहेत, तर वायर यामाहाला द्या.

आणखी एक. ६० जीबीचं एकच पार्टिशन ठेवू नका. बरेच जुने इन्स्टॉलर २ जीबीच्या पुढचा मोकळ्या जागेचा आकडा नीट मोजत नाहीत आणि डिस्क भरलेली आहे असं सांगून थांबतात. डॉसच्या गेमसाठी २ जीबीचं फॅट१६ पार्टिशन वेगळं करा.

---

कोपरी_सोल्डर

सेटिंग सगळ्यांनी सांगितली. मी लोखंडाबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे अर्ध्या ‘कंपॅटिबिलिटी’च्या तक्रारी प्रत्यक्षात संपर्काच्या असतात. खाडीच्या दोन्ही काठांना पावसाळ्यात हवेतला ओलावा कार्डांच्या सोनेरी दातांवर आणि रॅमच्या स्लॉटवर बसतो. गेम कधी चालतो, कधी गोठतो, रोज वेगळ्या जागी. ठरावीक जागीच अडत असेल तर सॉफ्टवेअर बघा. जागा बदलत असेल तर आधी यंत्र उघडा.

विजेची वायर काढून, सगळी कार्डं आणि पट्ट्या बाहेर. दात मऊ पांढऱ्या खोडरबरने हलके घासा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाऐवजी धागे न सुटणारं कापड घ्या. पूर्ण वाळल्यावर बसवा आणि मेमटेस्ट ८६ प्लसच्या किमान दोन पूर्ण फेऱ्या होऊ द्या. एकही चूक आली तर गेमला दोष देऊ नका.

मग प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे लागलेले आहेत. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी डाग असेल तर बदला: क्षमता तीच (बहुधा १००० ते १५०० मायक्रोफॅरड), व्होल्टेज तितकंच किंवा जास्त, १०५ अंशाचे आणि लो-ईएसआर लिहिलेलेच. साधे लावले तर यंत्र सुरू होईल आणि थ्रीडी गेममध्ये बसेल. ऋण बाजूचा पट्टा बघून लावा.

एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नवा असेल तर लेबल वाचा. नव्यांचा सगळा जोर १२ व्होल्टवर असतो. हे यंत्र ५ आणि ३.३ वर जगतं. ५ व्होल्टला २० अँपिअर असतील तर निर्धास्त. गेम चालू असताना डिस्कच्या प्लगमध्ये लाल-काळ्या वायरींत मल्टिमीटर लावा, ४.७५ च्या खाली जाता कामा नये. बायोसचा सीआर२०३२ सेलही बदलून टाका. तो मेला की राखून ठेवलेला आयआरक्यू ५ पुन्हा वाटला जातो आणि आवाज का गेला ते कळत नाही.

भाग शोधायचे तर लॅमिंग्टन रोडला आता जुनं आयएसए क्वचित दिसतं. त्यापेक्षा वागळे इस्टेट आणि तिकडे रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यातले भंगारवाले गाठा. कारखान्यांतल्या यंत्रांना जोडलेल्या औद्योगिक पीसीत आयएसए स्लॉट घरच्या पीसीपेक्षा बरीच वर्षं टिकले. कंपनी मशीन बदलते तेव्हा ते बोर्ड बाहेर येतात. ‘गेमचं कार्ड’ म्हणून विचारू नका. ‘लांब काळ्या स्लॉटचा बोर्ड’ आणि ‘जुनं साउंड कार्ड’ म्हणा. बोर्ड घेताना कॅपॅसिटर आणि बॅटरीभोवतीचा हिरवा गंज तिथेच बघा.

---

खारेगाव_९८

आयआरक्यू ५ राखून ठेवला आणि सेटअपमध्ये प्रो निवडला, अल्टिमा ७ चं बोलणं आता स्पष्ट येतं. एफएक्स ५२०० शोधतोय. एक राहिलं: डॉसच्या गेममध्ये आडवं सरकणारं चित्र एलसीडीवर दचकतं. तेही कार्डामुळे?

---

पारसिक_हिल

बहुधा मॉनिटरमुळे. डॉसचा ३२० बाय २०० मोड ७० हर्ट्झवर येतो. मॉनिटरच्या मेनूत माहितीचं पान उघडा. तिथे ७० दिसत असूनही चित्र दचकत असेल तर आतलं पॅनल ६० वरच चालतंय आणि दर सेकंदाला दहा चित्रं टाकून देतंय. मॉनिटर बदलण्याखेरीज त्याला उपाय नाही. सीआरटी (जुना काचेच्या नळीचा मॉनिटर) मिळाला तर उत्तमच. एलसीडीच घेणार असाल तर यंत्र सोबत नेऊन, सरकणारा गेम लावून बघूनच घ्या.

फक्त कमांडर कीन ४ ते ६ मध्येच दचकत असेल तर दोष मॉनिटरचा नाही. त्या गेमच्या पर्यायांत ‘एसव्हीजीए कंपॅटिबिलिटी’ आहे, ती चालू करा.

तुमचं पॅनल ५:४ आहे आणि डॉसचं चित्र ४:३ साठी काढलेलं, त्यामुळे वर्तुळं किंचित उभट दिसतील. मॉनिटरच्या मेनूत उभी उंची कमी करायची सोय असेल तर १०२४ ऐवजी ९६० रेघांवर आणा.